देव्हाऱ्यात नसलेले शेअर

मंडळी, कॉलनीच्या फळ्यावर आज बातम्यांऐवजी माझी लाज लिहितोय.

सकाळी कारखान्यात खंडेनवमीची पूजा झाली. महाळुंग्याच्या धोंडिबानं लेथवर पान्यांशेजारी गिरणीच्या शेअरचा कागद ठेवला. शेअर त्यानं माझ्याच सांगण्यावरून घेतले. भाव घसरत गेला तरी "थांब, चढेल" म्हणत आलो तो मीच.

"भाऊ, तुमचा कागद न्हाई आणला व्हय?"

"घरी देव्हाऱ्यात आहे," मी म्हणालो. माझे शेअर मी गेल्याच आठवड्यात पुण्याला जाऊन गुपचूप विकलेत.

त्यानं माझ्या वाटचंही एक फूल त्याच कागदावर वाहिलं.

"विकून टाक" म्हणायचं तर आधी हे सांगावं लागेल. तोंडावर सांगायची हिंमत नाही, आणि धोंडिबाला वाचता येत नाही. त्याला हे कोण वाचून दाखवील?