सार्डिनवाल्यांचा सीझन आणि माझं तोंड

फिलिपिन्समधली एक बास्केटबॉलची टीम माझ्या तोंडामुळे जिंकते आहे, असं मी एक अख्खा हिवाळा धरून चालले होते. मी चौथी पास आहे. पण एवढा गाढवपणा करायला चौथीसुद्धा लागत नाही.

दोन हजार चार साल. मुलाकडे, मिलिंदकडे, अमेरिकेत वेस्ट विंडसरला सहा महिने राहायला गेले होते. मिलिंद पहाटेच स्टेशन गाठायचा, सून शर्वरी त्याच्यामागोमाग गाडी काढायची, आणि मग त्या अवाढव्य घरात मी आणि फ्रिज. दोघांपैकी घुरघुरायची परवानगी फ्रिजला. मी तोंड उघडलं की मिलिंद म्हणणार, "आई, हळू!" आणि शर्वरी म्हणणार, "आई, नंतर सांगाल? कॉलवर आहे." (हे 'नंतर' कधीच उजाडलं नाही.)

शेजारी ग्रेस राहायची. फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स. तिचे वडील माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच घरात कोंडलेले. तिनं मिलिंदला विचारलं, तुझी आई सकाळी आमच्या बाबांपाशी बसेल का?

मिलिंद म्हणाला, "जा ना आई. तुझाही टाइमपास!"

म्हणजे दोन म्हातारी एका खोलीत घातली की दोन घरं शांत. गेले.

रविवारी मिलिंद मला सोडायला आला. ग्रेसनं दार उघडलं आणि म्हणाली, "कम, लोला!"

मी मिलिंदला म्हटलं, "मी लोळते हे हिला कुणी सांगितलं?"

"आई, लोला म्हणजे आजी, त्यांच्या भाषेत. आणि आजोबा म्हणजे लोलो."

त्यांच्या भाषेतले एवढे दोनच शब्द माझ्या लेकाला येत होते. तिसरा येत असता तर माझी अब्रू वाचली असती!

लोलोंकडे डिश होती आणि डिशवर त्यांच्या देशातली बास्केटबॉलची लीग दिसायची. तिकडची संध्याकाळची मॅच म्हणजे इकडची सकाळ. तिथल्या टीमना गावांची नावं नसतात, कंपन्यांची असतात. लोलोंची टीम सार्डिनच्या डब्यांची. ताडमाड गडी छातीवर मासळीचा डबा छापून पळताहेत! कशासाठी, तर चेंडू जाळीत टाकायला. आणि जाळीला बूड नाही! आमच्या बाजारात बुरडानं असली टोपली विकली असती तर गिऱ्हाइकानं त्याच्याच डोक्यात घातली असती. त्यात प्रत्येक टीमला एक परदेशी खेळाडू भाड्यानं आणता येतो. तो बहुतेक अमेरिकन. म्हणजे अमेरिकन माणूस खेळायला तिकडे, आणि तिकडचा म्हातारा बघायला अमेरिकेत!

पहिल्या दिवशी मी मुकाट खुर्चीत बसले होते. थोड्या वेळानं जरा खाकरले. लोलोंनी कानातून बोळ्यासारखं काहीतरी काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि हात नाचवत ओरडले, "बोला! बोला!"

मी थक्कच झाले. दोन महिन्यांत मला 'बोला' म्हणणारा पहिला माणूस! तोही परका, कानातला बोळा काढून, स्वच्छ मराठीत, मानानं! (म्हटलं, उमेदीत बोटीवर असेल, मुंबई बंदरात शिकला असेल.)

मग मी बोलले. शर्वरीच्या पिशवीतल्या गोठलेल्या पोळ्यांवर बोलले. तीन तीन दिवसांच्या भाजीवर बोलले. भांडी घासायच्या यंत्रात ती कांदे-बटाटे ठेवते, त्यावर बोलले. लोलो मधूनच "ओ! ओ!" म्हणायचे, हाकेला ओ द्यावी तसे. थांबले की पुन्हा "बोला!"

तोवर सार्डिनवाले पाच मॅच हरले होते. त्या दिवशी जिंकले. पुढचीही जिंकले. एकदा मी तापानं घरी राहिले, तर सडकून हरले! ग्रेसनं मिलिंदला सांगितलं, लोलोंना वाटतं तुझी आई आली की टीम जिंकते. मी मनात म्हटलं, नुसती येऊन काय होतंय? बोलते म्हणून!

होता होता सार्डिनवाले फायनलला पोचले. पंचवीस वर्षं लोलो या टीमच्या मागे, आणि एकदाही कप नाही. पुढच्या सीझनला मी असेन-नसेन, असं ते ग्रेसला म्हणाले होते.

नेमकं त्या सकाळी बर्फ पडलं, ऑफिस बंद. शर्वरी म्हणाली, "आई, मीपण येते. तुम्ही रोज तिथे काय करता ते तरी बघू."

झालं! ग्रेसचीही सुट्टी होती. शर्वरी माझ्या शेजारी बसली आणि मी ओठ शिवले. इकडे सार्डिनवाले मागे पडायला लागले. लोलो कळवळून ओरडले, "बोला!" मी गप्प. "बोला! बोला!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

आता काय करू? बोलले तर सुनेला सगळं कळतंय. गप्प राहिले तर ह्या माणसाचा जन्मातला एकुलता एक कप माझ्यामुळे जातोय! शेवटचं मिनिट आलं. म्हटलं, सून काय, पुढेही रागावायचीच आहे. उठले, लोलोंसमोर जाऊन उभी राहिले आणि सुरू झाले.

"ह्या घरात पोळी गोठते आणि माणूसही! भाजीला तिसऱ्या दिवशी मिशा फुटतात, तरी ती बाई पुन्हा गरम..."

"आई!" शर्वरी ओरडली.

"लोला!" ग्रेस ओरडली.

"बोला!" लोलो ओरडले, आणि माझ्या डावीकडून, उजवीकडून मान काढून डोकावायला लागले. मी त्यांच्यासमोरून हलले नाही. बहुमान वाटला!

पाठीमागे टीव्हीत एकदम कल्लोळ झाला. सार्डिनवाले एका गुणानं जिंकले होते. शेवटचा चेंडू जाळीत पडताना साऱ्या फिलिपिन्सनं पाहिला. लोलोंनी माझं पातळ पाहिलं.

ग्रेस हसून हसून सोफ्यावरून खाली आली. तिनं शर्वरीला काहीतरी सांगितलं. शर्वरी माझ्याकडे वळली. "आई, बोला म्हणजे बॉल. ते टीमला ओरडत होते. बॉल पकडा म्हणून."

"आणि ते 'ओ, ओ' म्हणायचे ते?"

"ओओ म्हणजे हो. तेही टीमलाच."

"बरं, पण मी बोलायला लागले की कानातला बोळा काढायचे, तो का?"

शर्वरीनं ग्रेसला विचारलं. ग्रेस लाजली. मग म्हणाली, तो बोळा नाही, ऐकायचं यंत्र आहे. लोला आली की बाबा ते काढून ठेवतात.

म्हणजे ज्याला सीझनभर सांगितलं त्याला काही ऐकू गेलं नाही, आणि जिला ऐकू जायला नको होतं तिला एका मिनिटात सगळं पाठ!

घरी येऊन बूट काढताना शर्वरी एवढंच म्हणाली, "तीन नाही आई, चार दिवसांची असते भाजी."

तेव्हापासून मी समोर दिसले की ती कानाशी हात नेते, काहीतरी काढून खिशात टाकल्यासारखं करते आणि म्हणते, "हं आई, बोला!"

आणि मी बोलते.