आधीच सैल केलेला फिल्टर

गाडीचं ऑइल बदलण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं असतं. ऑइल गरम होऊन पातळ होतं आणि खालून नीट निघतं. हे ज्ञान मी गेली अकरा वर्षं लोकांना, त्यांनी विचारलेलं नसताना, देत आलोय. आणि मागच्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी माझ्याच डोक्यात ते राहिलं नाही. इंजिन चालू करायचं काम दरवर्षी बायको करते. तशी ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि मग मला आठवलं की आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या नकळत ऑइलचा फिल्टर सैल करून ठेवलाय.

फिल्टर म्हणजे लोणच्याच्या छोट्या बरणीएवढा पत्र्याचा डबा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला आट्यांवर घट्ट बसवलेला असतो आणि इंजिन चालू असताना सगळं ऑइल जोराने त्यातून फिरतं. तो सैल असला तर ऑइल कुठे जाईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा.

"बंद कर! बंद कर!" मी ओरडलो.

काच वर होती. तिने मला बघितलं, शांतपणे काच खाली घेतली आणि विचारलं, "काय म्हणतोस?"

तेवढ्यात रॅम्पवर चढवलेल्या गाडीखालून काळा ओघळ निघाला आणि घरापुढच्या ड्राइव्हच्या उतारावरून फुटपाथकडे चालू लागला.

मी असं का केलं, ते सांगायला हवं. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला हे घर घेतलं आणि घरापुढे दोन गाड्या मावतील एवढी जागा मिळाली, तेव्हा ऑफिसातल्या एकाचं ऐकून मला घरीच ऑइल बदलायची हौस आली. पहिल्या वर्षी खालचा नट काढला, ऑइल ट्रेमध्ये घेतलं, इथवर सगळं छान झालं. फिल्टर मात्र हलेना. माझा हात वरून फटीत जायचा, पण आत गेल्यावर मूठ वळेना. शेवटी मी फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला आणि फिरवला. पत्रा टराटरा फाटला, फिल्टर जागच्या जागी. बायको किचनच्या दारातून हे बघत होती. ती भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून बाहेर आली.

"सरक."

तिने हात आत घातला, उरलासुरला डबा धरला, ओठ घट्ट मिटले आणि एकदाच जोर लावला. निघाला!

"बरणीच तर आहे," ती म्हणाली आणि हातमोजे धुवायला आत गेली.

तेव्हापासून खालचं काम माझं आणि वरचं तिचं. जुना फिल्टर ती काढणार, नवाही तीच बसवणार. मित्रांमध्ये मी सांगत असे, "आमच्याकडे फिल्टर हाताने निघतो, पाना लागत नाही." हात कोणाचा, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला सांध्यांचा आजार निघाला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची बोटं वळत नाहीत. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते, जणू थंडीच वाजतेय. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. तिथे आता बाटल्या उघडायचं काम दुसरे करतात, ती फक्त तपासून सही करते. घरात मी गुपचूप झाकणं सैल करून ठेवायला लागलो. लोणचं, चटणी, तिच्याच गोळ्यांची बाटली. तिला ते कळत होतं आणि तिला कळतंय हे मला कळत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

फेब्रुवारीत आम्ही क्लिनिकला गेलो. तिथे मुठीत दाबायचं एक यंत्र देतात, पकड किती आहे ते त्यावर कळतं. परत येताना मी गाडी चालवत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"आकडा अजून खाली आलाय," ती म्हणाली.

मी काहीतरी म्हणालो असेन. थंडीमुळे असेल, असलं काहीतरी.

घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "एप्रिलमध्ये ऑइल करायचंय ना? फिल्टर मीच काढणार."

तिने काय ठरवलंय ते मला त्याच क्षणी समजलं. त्या यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. आपल्या हातात किती उरलंय, हे तिला त्या फिल्टरकडून ऐकायचं होतं. आणि तो हलला नाही तर तिचा चेहरा कसा होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती. तिच्या काळजीपोटी केलं असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं, पण खरं कारण हेच.

म्हणून शुक्रवारी, ती बसने कामावर गेल्यावर, मी पट्ट्याचा पाना विकत आणला. गाडी रॅम्पवर चढवली, खालून पट्टा फिल्टरभोवती गुंडाळला आणि सैल केला. किती? मला वाटतं अर्धा फेरा. आलेले दोन-चार थेंब पुसले, पाना लॉफ्टमध्ये बॅगांमागे लपवला आणि समाधानाने चहा पिऊन घेतला.

तर शनिवारी. इंजिन बंद झालं होतं. शेजारचे आजोबा, आयुष्यभर बस दुरुस्त केलेला माणूस, कुंपणापलीकडून बघत होते. "ऑल राइट, मेट?" एवढंच म्हणून ते आत गेले आणि मांजराच्या शीच्या ट्रेमध्ये घालायची माती असते ना, तिची पिशवी घेऊन आले. ऑइल शोषून घ्यायला तिच्याइतकं चांगलं काही नाही म्हणे. न विचारताच त्यांनी ती ओतायला सुरुवात केली.

बायको गाडीतून उतरली. हातमोजे चढवून तिने बोनेटखाली हात घातला. फिल्टर दोन बोटांनी गरकन फिरला.

ती माझ्याकडे वळली. "मागच्या वर्षी घट्ट बसवला होता मी."

"कधीकधी गाडीच्या थरथरीने..."

"अकरा वर्षांत कधी सैल नाही झाला." तिने फिल्टरकडे बघितलं. "कशाने केलास?"

"पट्ट्याच्या पान्याने."

"कुठंय तो?"

"लॉफ्टमध्ये. बॅगांमागे."

आजोबांना मराठी येत नाही, पण ते माती ओतायचे थांबले. त्यांच्याकडे बघून ती हसली, मग तसंच हसू ठेवून मला म्हणाली, "त्यांना चहा विचार." ते नको म्हणाले आणि पिशवी तिथेच ठेवून पटकन घरात गेले.

मग ती हसली नाही.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "जमतंय की नाही. आता कसं कळणार मला?"

मी म्हणालो, "सॉरी."

"झाकणं सैल करतोस, मी काही बोलत नाही. पण हे मी तुला सांगितलं होतं. मीच काढणार म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही पुढच्या कामाला लागलो. मी खालचा नट काढून उरलेलं ऑइल ट्रेमध्ये घेतलं, नट परत बसवला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ती बोटाने ऑइल लावते, तसं तिने लावलं आणि फिल्टर आट्यांवर चढवला. रिंग टेकली की तिथून पुढे पाऊण फेरा हाताने आवळायचा असतो. तिने जोर लावला. थोडा फिरला. हात बदलला. पुन्हा थोडा फिरला. बोनेटच्या कडेवर टेकलेला तिचा दुसरा हात मला दिसत होता, पिवळ्या रबराच्या आत बोटं नीट सरळ होत नव्हती. मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून उभा होतो. अकरा वर्षांत गाडीपाशी इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही.

"अर्धा झाला," ती म्हणाली. "पुढे जात नाही माझ्याच्याने."

तिने हात बाहेर काढला, हातमोजा ओढून काढला आणि तळहाताकडे बघत राहिली. मला जो चेहरा बघायचा नव्हता तो हाच. मी समजलो होतो त्याहून तो शांत होता.

"जा, पाना आण," ती म्हणाली.

मी लॉफ्टमध्ये चढलो, बॅगांमागून पाना काढला, आणि तिथेच गुडघ्यांवर बसून थोडा वेळ काढला. खाली आलो तेव्हा ती फिल्टरपाशीच उभी होती. मी गाडीखाली सरकलो, पट्टा गुंडाळला आणि उरलेला पाव फेरा आवळला. वरून ती बघत होती. "बस," ती म्हणाली, तेव्हा मी थांबलो. नवं ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी वाकून बघत राहिलो. फिल्टर कोरडा होता.

दुपारी मी मांजराची काळी झालेली माती झाडून भरली, जुन्या ऑइलचा कॅन टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर, नेऊन दिला. परत आलो तर ती किचनमध्ये सिंकच्या कोमट पाण्यात हात बुडवून उभी होती. मी शेजारी जाऊन नखांतलं काळं घासायला लागलो. पुढच्या वर्षी गॅरेजला देऊया का, असं मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही आधी मी बघणार. नाही हलला तर नाही हलला म्हणून सांगेन तुला. पण ते मी सांगायचं."