सुमनताई आणि दगडाखालची कुळं

फोन आला तेव्हा मी दुकानात बाही कापत होते. सुमनताईंची सून म्हणाली, "मंगलमावशी, आई सकाळी चहा पिऊन आडव्या झाल्या... उठल्याच नाहीत." बाही उलटीच कापली गेली. समोरची सिंधी गिऱ्हाईक बाई चिडायचं सोडून मला पाणी देत बसली. याला सहा आठवडे झाले. ब्याऐंशी वर्षं, हातीपायी धड, शेवटचा चहा साखरेचा! रडले मी भरपूर, पण मनात हळहळ नाही.

ताई अंबरनाथच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या. निवृत्त झाल्यावर कात्रपला आमच्या खालच्या मजल्यावर आल्या आणि दर महिन्याला एका रविवारी डोंगराकडच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. मेफ्लाय नावाचा नाजूक किडा असतो, त्याची पिल्लं पाण्यात दगडाखाली वाढतात. कोणकोणत्या कुळांची पिल्लं सापडतात, यावरून ओढ्याची तब्येत कळते. उल्हासनगरात ब्लाउज शिवणाऱ्या बाईला याच्याशी काय देणंघेणं? पण त्यांनी मला हुक लावताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे डोळे इथे कशाला वाया घालवतेस? रविवारी चल."

गेले. पांढऱ्या ट्रेमध्ये दगड धुवायचा, वळवळ दिसली की भिंग लावायचं. चपट्या डोक्याचं, दगडाला चिकटून बसणारं एक कूळ. माशासारखं सुळकन पळणारं दुसरं. तिसऱ्याच्या पाठीवर कल्ल्यांची चौकोनी जोडी, थेट खिशाच्या फ्लॅपसारखी. ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि फुशारले. पुढच्या महिन्यात एक पिल्लू मी तुटका दोरा उचलते तसं चिमटीत उचललं. आधीच्या सगळ्यांना तीन, याला दोनच शेपट्या! "ताई, नवीन कूळ!" मी ओरडले. ताईंनी ट्रेकडे बोट दाखवलं. तिसरी शेपटी पाण्यावर तरंगत होती. "तूच तोडलीस, बाई. ब्रशने घ्यायचं. आणि शेपट्या तुटतात, आधी कल्ले बघ." मला इतका राग आला की परतताना तोंड फिरवून बसले. त्या मात्र रिक्षात खुशाल शेंगदाणे खात होत्या.

त्या गेल्यावर सुनेने त्यांची ओढ्याची वही माझ्या हातात ठेवली. "आई म्हणायच्या, ही मंगलची." झाली पंचाईत! आजवर मी नाव सांगायचे आणि ताई तपासून लिहायच्या, खाली सही करायच्या. वर्षानुवर्षांच्या खऱ्या नोंदींत माझं एक चुकीचं नाव घुसलं तर?

गेल्या रविवारी एकटीच गेले. पाच पिल्लं घेतली, चार ओळखली. पाचवं काही केल्या कुठल्याच कुळात बसेना. भिंग लावून डोळे दुखले. अंदाजाने ठोकून द्यावं असं फार वाटलं, रकाना मोकळा कसा सोडायचा? ताई अशा वेळी काय करायच्या ते पाहावं म्हणून मागची पानं उलटली... आणि जागोजागी त्यांचं टपोरं अक्षर: "ओळखता आलं नाही." एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि मी समजत होते, या बाईला सगळं येतं! दगडावर बसून एकटीच हसत सुटले, हसता हसता डोळे भरून आले. मग पिल्लू पाण्यात सोडलं, पाचव्या रकान्यात "ओळखता आलं नाही" लिहिलं आणि खाली पहिल्यांदाच माझी सही केली.