अर्ज वाचून दिलेला अंगठा

आबासाहेबांनी शाईची डबी पायाने माझ्याकडे सरकवली.

हाताने दिली असती तर काय बिघडलं असतं? पण मी दाराशी, चपलांजवळ बसले होते आणि ते गादीवर. त्यांनी बसल्या जागेवरून नुसता पाय लांब केला आणि म्हणाले, "अंगठा दे गं इथं."

धुळ्यातली धर्मशाळा. जर्मनीशी चाललेली मोठी लढाई नुकतीच संपलेली. त्यांचा शेतकऱ्यांचा पक्ष आणि आमची जळगावच्या जिन कामगारांची सभा, दोन्ही त्या सकाळी एक झाले. हार झाले, पेढे झाले. दुपारी नव्या पक्षाचा अध्यक्ष निवडायचा होता. एका बाजूला आबासाहेब. दुसऱ्या बाजूला मी.

हो, मीच. जिनमध्ये कापूस निवडणारी बाई. आमच्या सभेत बायाच जास्त. सरकी काढायच्या यंत्रापाशी आमची तान्ही लेकरं पडलेली असायची. रुई नाकातोंडात जाऊन खोकायची. त्यांच्यासाठी बाहेर एक छप्पर द्या, एवढीच आमची मागणी. मालक ऐकत नव्हते, आणि त्या मालकांत आबासाहेबांचा सख्खा भाऊ. म्हणून बायांनी माझं नाव दिलं. निघताना म्हातारी सखूजिजी माझा हात धरून म्हणाली, "भिऊ नको. आम्ही बठ्ठ्या तुन्हा मांगे शेतस." सगळ्या माझ्या पाठीशी होत्या.

आणि तो अंगठ्याचा कागद आणला कोणी? आमच्याच भाऊंनी. भाऊ म्हणजे आमच्या सभेचे चिटणीस. वकील. आमच्यासाठी दोनदा तुरुंगात गेलेला माणूस. आपलेच दात, आपलेच ओठ. ते माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "पक्ष आज जन्मलाय. आजच मतं मोजत बसलो तर आजच फुटेल. तुम्ही समजूतदार आहात, अक्का. नाव मागे घ्या."

मी कागद हातात घेतला आणि वाचला.

माझी लाज इथे आहे. मला वाचता येत होतं. माझ्या पोरीने, तुळशीने, शाळेतून येऊन मला अक्षरं शिकवली होती. जेवणाच्या सुटीत मी ती जिनच्या पत्र्यावर कोळशाने गिरवायची. बाया आधी हसायच्या, "बॅरिस्टर व्हयनी का व?" मग त्याही शेजारी बसून गिरवू लागल्या.

कागदावर लिहिलं होतं: 'मी अडाणी बाई आहे. पक्षाचा कारभार मला समजत नाही. सबब मी स्वखुशीने नाव मागे घेत आहे.'

शब्द न् शब्द वाचला. ओठ न हलवता वाचला, कुणाला कळू नये म्हणून. मला वाचता येतं हे दिसलं तर आबासाहेब चिडतील, भाऊंना अवघड होईल, असं वाटलं. त्यांचं अवघड होणं मला माझ्या लेकरांपेक्षा मोठं वाटलं. सांगताना आजही मान खाली जाते. डबी समोर आली आणि अंगठा आपोआप पुढे झाला.

टेकवला.

भाऊंनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. 'अडाणी बाई' म्हटल्यावर सभा हसली. लेकरू बोबडं बोललं की मोठी माणसं हसतात तशी. मीही हसले. आबासाहेब बिनविरोध निवडून आले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग आबासाहेब बोलायला उभे राहिले. पक्ष नवा आहे, तूर्त जिनमालकांशी वाद नको, म्हणाले. मी बसल्या जागेवरून विचारलं, "आणि आमच्या छपराचं काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला काय कळतं त्यातलं? आत्ताच लिहून दिलंस ना, अडाणी आहे म्हणून?"

माझाच अंगठा. माझ्याच तोंडावर मारला.

शेवटी ठरावाची वही सह्यांसाठी फिरली. माझ्यापाशी आल्यावर भाऊंनी तीच शाईची डबी पुढे केली. मी म्हटलं, "डबी नको. टाक द्या."

लिहायचा टाक पहिल्यांदाच धरत होते. कोळसा जाड असतो, टाक बारीक, बोटांतून निसटतो. सगळी सभा खोळंबली. आबासाहेब म्हणाले, "किती वेळ लावतेस?" मी लिहीत राहिले: 'मला वाचता येतं. मघाचा अर्ज मी वाचला होता. तो खोटा आहे. खोटा आहे हे माहीत असून अंगठा दिला. छपराची मागणी मागे घेतलेली नाही.' खाली माझं नाव.

आबासाहेबांनी वही मागवली, वाचली आणि माझ्यादेखत त्या ओळींवर रेघ ओढली. निवड काही बदलली नाही. भाऊ खाली सतरंजीकडे बघत होते.

जळगावला आल्यावर बायांना सगळं सांगितलं. मी हसले तेही सांगितलं. सखूजिजीने माझा अंगठा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "तुले वाचता येस ना व? मंग आंगठा कसाले दिधा?"



दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी तो अर्ज पत्र्यावर कोळशाने जसाच्या तसा लिहिला. एकेकीला उभं करून, अक्षराला अक्षर लावून वाचायला लावला. सखूजिजीलासुद्धा. 'अडाणी' शब्दापाशी एकही बाई हसली नाही.

त्या कागदावरचा अंगठा माझा आहे. तो मी कधी नाकारणार नाही. पण पुढच्या निवडणुकीला आम्ही सगळ्या जाऊ, चपलांजवळ नाही, गादीसमोर बसू. माझं नाव पुन्हा देऊ. आणि ते मागे घ्यायचा कागद घेऊन भाऊ आले, तरी मी तो मोठ्याने वाचेन आणि सगळ्यांसमोर फाडेन.