तुला कोन अडवतंय?

डिसेंबर १९५९, दुसरा आठवडा. काम बोंबील वाळत घालायचं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. दोऱ्या डोक्याच्या वर, त्यामुळे हात दिवसभर उंच. मुरूडच्या अलीकडच्या आमच्या कोळीवाड्यात बोंबलाचा हंगाम लागला की बायकांना दुसरं काही सुचत नसे. माझं लक्ष मात्र त्या दिवशी कमरेला खोचलेल्या एका कागदाकडे होतं.

अलिबागच्या दवाखान्यात दाईचं शिक्षण सुरू व्हायचं होतं, जानेवारीपासून तीन महिने. गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंनी माझं नाव सुचवलं, कारण आमच्या आळीतल्या सुनांमध्ये चौथी पास मी एकटीच. कागदावर घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती हवी होती. सासरे नव्हते, म्हणजे सासूबाईंचा अंगठा. नर्सबाई दुसऱ्या दिवशी सकाळी कागद न्यायला येणार होत्या. अंगठा नसेल तर माझी जागा दुसऱ्या गावच्या बाईला जाणार होती. नवरा "आये हो म्हनली तर माजं काय न्हाय" असं म्हणून होडीवर निघून गेला होता.

मी सासूबाईंना विचारलं. हातातल्या बोंबलावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "जा ना. तुला कोन अडवतंय? माजं हात हायेत अजून धड."

असलं बोलणं शब्दाला शब्द धरून घ्यायचं नसतं, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. माझं माहेर उरणकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. आमच्याकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "जा म्हायेरी, ऱ्हा आठ दिवस खुशाल." मी खरंच आठ दिवस राहिले. परत आले तर घरात कोणी बोलेना. भाताचं ताट पुढ्यात येई, शब्द येत नसे. शेवटी शेजारच्या काकींनी उलगडा केला.

"अगं येडे, सासूनं सांगायचे आठ, सुनेनं ऱ्हायचे दोन. मंग सासू म्हनते, येवढ्यात कशाला आलीस? झालं, सगळी खूश."

"मग दोनच दिवस राहा म्हणायचं."

"तसं कसं म्हनंल? तिला वाईट व्हायचंय काय लोकांत?"

तेव्हापासून मी सासूबाईंचं बोलणं ऐकत असे आणि त्यांचे हातही बघत असे. तरी त्या दिवशी मला मोह झालाच. काकी पलीकडच्याच दोरीवर होत्या, म्हणजे साक्षीदार हजर होता. "जा म्हणालात ना, मग लावा अंगठा" एवढं म्हटलं असतं तर सासूबाईंना मागे फिरता आलं नसतं. पण तसा मिळवलेला अंगठा मला तीन महिने पुरला असता, आणि त्याचं बोलणं जन्मभर ऐकावं लागलं असतं. शिवाय त्यांना नेमकं काय नको आहे, ते अजून कळलेलं नव्हतं. माझं जाणं नको होतं, की शिकणं?

मी जोड्या लावत राहिले. दुपार कलली तेव्हा एक गोष्ट दिसली. सासूबाई सकाळपासून डाव्या हाताने जोड्या टाकत होत्या. उजवा हात खांद्याच्या वर एकदाही गेला नव्हता.

"आये, उजवा हात वर जात न्हाय ना?"

"कोन म्हनतं?"

"दोरी म्हनते. उजव्या अंगाची सगळी मोकळी हाय."

काकी हसल्या. "आता दोरीला बी वाचा फुटली. चौथी पास सून आनलीस ना, भोग आता."

सासूबाई हसल्या नाहीत, पण हातही थांबवला नाही. मग मी जाण्याबद्दल काहीच न विचारता कामाचं बोलले. त्यांनी बसून जोड्या लावाव्यात, दोरीवर काकींनी टाकाव्यात. बदल्यात काकींनी वाळत घातलेल्या जवळ्याची राखण उन्हाळाभर मी करीन. काकींनी लगेच मान हलवली. कावळे हाकत उन्हात बसण्यापेक्षा त्यांना हे केव्हाही परवडणारं होतं.

सासूबाईंनी पाच-सहा जोड्या लावल्या. मग म्हणाल्या, "शिमग्याला हितं असशील?"

"असेन. रजा मागून येईन."

"मंग आन तो कागद. आधी हात धू, न्हायतर सरकारला बोंबलाचा वास लागंल."

शाई नव्हती. दिव्याच्या काजळीत तेल कालवलं. त्यांनी अंगठा टेकवला, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "वाकडाच उठला." अंगठा चांगला ठळक उठला होता.

पुढे दाईच्या कामात पुस्तकापेक्षा हेच अधिक उपयोगी पडलं. बाई "मला काय होत न्हाय" म्हणते तेव्हा तिचे ओठ बघायचे, तिनं चटईची कड किती घट्ट धरली आहे ते बघायचं. जिला खरंच काही होत नसतं ती तसं सांगायला जात नाही.

अंगठा घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. मी कागद दिला, चहा दिला. त्या उठायला लागल्या तेव्हा मी सासूबाईंना ओट्यावर बोलावलं.

"मला कायबी झालेलं न्हाय," त्या दारातूनच म्हणाल्या.

मी उजेडात पाट मांडला आणि नर्सबाईंना सांगितलं, "उजवा खांदा."