शिवलेल्या पिशव्यांतले फोन

देवेश नवा फोन हातात घेण्याआधी हात शर्टाला पुसायचा. चहा बशीत ओतायचा आणि निवला का ते करंगळी बुडवून बघायचा. 'जबरदस्त' हा शब्द कुठे छापलेला दिसला की पेनाने खोडायचा, भेळेच्या कागदावरचासुद्धा. ठाण्याच्या 'मोबाइलनामा' या वेबसाइटवर तो नव्या फोनांची परीक्षणं लिहायचा. स्वतः मात्र केव्हाच बुडालेल्या एका कंपनीचा, काच तडकलेला फोन वापरायचा. "बुडालेली कंपनी कुणाला फितवत नाही," म्हणायचा.

समीक्षाला हे सगळं पाठ होतं. कल्याणच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होती, मराठी साहित्य घेऊन. त्याच्या लेखांचं शुद्धलेखन ती बघायची. आणि पिशव्यांचं काम तिच्याकडे होतं.

कल्पना त्याची. कल्याणजवळ मोहन्यात त्याच्या शेजारी मालनमावशी शिवणकाम करायच्या. त्यांनी अस्तराच्या कापडाच्या दोन सारख्या पिशव्या शिवून दिलेल्या. देवेश गॅलरीत जाऊन उभा राहायचा. समीक्षा दोन कंपन्यांचे दोन फोन पिशव्यांत घालायची, चार्जरची वायर बाहेर काढायची आणि तोंड दोऱ्याने शिवून टाकायची. कुठल्या पिशवीत कुठला फोन, ते फक्त तिला ठाऊक. मग देवेश आत येऊन तापमापक सरकवायचा. लेख लिहून झाला की मगच दोरा कापायचा.

"मुलगी बघायला आलायस काय, पडद्याआडून?" समीक्षा चिडवायची.

"अगं, नाव दिसलं की हात खोटं बोलतो. सगळ्यांचा. माझापण."

त्याचे वडील, विठ्ठलकाका, खुर्चीत बसून हे कौतुकाने बघायचे. ते पूर्वी डोंबिवलीत रंगाच्या एका कारखान्यात होते. तिथल्या संपात त्यांचा फोटो पेपरात आलेला. खाली छापलेलं, 'दगडफेकीच्या तयारीतले कामगार'. काकांच्या हातात बटाटावडा होता. त्या दिवसापासून घरात पेपर बंद झाला. मुलगा लिहायला लागल्यावर ते पुन्हा वाचू लागले, पण फक्त त्याचंच. आधी त्याचं नाव मोठ्याने वाचायचे, मग लेख. फोनही त्याच्याच शब्दावर घेतलेला, मिरोक कंपनीचा, नवा.

तोच मिरोक आणि आल्टेनचा नवा फोन यांची तुलना उन्हाळ्यात देवेशकडे आली. मिरोकने परीक्षणासाठी दिलेला फोन परत मागितला. आल्टेन कधीच परत मागत नसे. देवेशने त्यांचा फोन खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिला. वापरला तर ती लाच, असं त्याचं म्हणणं. लेखात त्याने लिहिलं, दोन्ही फोन चार्जिंगला सारखेच तापतात, घाबरण्यासारखं काही नाही.

छापून आलं ते असं: 'मिरोक की निखारा? खिशात ठेवण्याआधी वाचा!' आल्टेन आत कुठेतरी 'किंचित उबदार' होता. वर नाव देवेशचं.

तो तडक ठाण्याला गेला. समीक्षा सोबत होती. संपादक प्रफुल्लने दोघांना चहा मागवला.

"अरे, 'दोन्ही सारखेच' हे वाचायला थांबतो कोण?"

"मग आल्टेनला निखारा म्हणायचं होतंस."

"त्यांचा कार्यक्रम आहे पुढच्या आठवड्यात. आपल्याला बोलावलंय. मिरोकमध्ये आपल्या ओळखीचं कोण आहे?" मग आवाज उतरवून प्रफुल्ल म्हणाला, "कुणी पैसे देत नाही रे, शप्पथ. आपणच आपले सांभाळून लिहितो."

लेखाच्या तळाला दुरुस्तीच्या दोन ओळी आल्या. मिरोक वापरणारे वाचक आधीच विचारत होते, आल्टेनने किती दिले? आता आल्टेनवाले विचारू लागले, मिरोकने किती दिले? देवेश त्यावर हसला. समीक्षाला वाटलं, निभावलं.

मोहन्याला पोहोचले तर काकांचा फोन गॅलरीत, स्टीलच्या पातेल्यात ठेवलेला.

"बाबा, हे काय?"

"पेटला तर?"

"नाही पेटत. ते मी लिहिलेलं नाही."

"वर नाव तुझं आहे."

"नाव माझं, मथळा त्यांचा."

"फोटोपण माझाच होता," काका म्हणाले. "वडा होता हातात, म्हणून दारोदार सांगत फिरलो तेव्हा. आता तू फिर." थोडं थांबून म्हणाले, "तोंडाने तू एक सांगतोस, छापतोस दुसरं. मी कुठल्या देवेशचं ऐकू?"

देवेशने कपाटावरचं खोकं काढलं. पातेल्यातला फोन उचलला. दोन्ही समीक्षाच्या हातात दिले आणि गॅलरीत गेला. तिने पिशव्या शिवल्या, चार्जिंगला लावल्या. तापायला थोडा वेळ दिला. मग तो आत आला. या वेळी तापमापक घेतला नाही.

"बाबा, तुम्हीच हात लावा. कुठला जास्त तापलाय, सांगा."

काकांनी दोन्ही पिशव्यांवर तळवे ठेवले. डोळे मिटले. पोराचा ताप बघावा तसे बसून राहिले.

"सारखेच आहेत," ते म्हणाले.

देवेशचा चेहरा उजळला. समीक्षाने पाहिलं ते.

"आता हे छापशील कुठे?" काकांनी विचारलं.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. देवेशने वायरी काढल्या, गुंडाळल्या, शिवलेल्या पिशव्या तशाच कपाटावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. आता पडघ्याच्या एका गोदामात पार्सलवर पत्ते चिकटवतो. मिरोकही येतात, आल्टेनही. समीक्षाने विचारलं, कसं चाललंय? "बरंय," म्हणाला. "खोकी बंद असतात."

काका काही वाचत नाहीत. त्यांनी फोनही परत मागितला नाही. गावच्या नातेवाइकांचे फोन मालनमावशींच्या नंबरवर येतात.

परवा समीक्षा गेली होती. पिशव्या तशाच होत्या, वर धूळ. काकांचा फोन कुठल्या पिशवीत आहे ते तिला ठाऊक आहे. तिने मावशींकडून कात्रीही आणली. पण दोरा देवेश कापायचा, लेख लिहून झाल्यावर. या वेळच्या लेखाची पहिली ओळसुद्धा त्याने लिहिलेली नाही.