दोन तालुक्यांबाहेर आम्ही का जात नाही

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमची कंपनी पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके सोडून बाहेर एक चौरस मीटरही जमीन दाखवणार नाही, विकणार नाही, आणि कोणी फुकट देऊ केली तरी तिच्यावर पाय ठेवणार नाही. हुकुमावरून.

हुकूम माझ्या थोरल्या बहिणीचा. कंपनीत माणसं तीन: ताई, तिचा नवरा म्हणजे आमचे भावोजी, आणि मी. ताई कागद बघते. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, ती दुसऱ्या बायका साडीचा पोत बघतात तसा उजेडात धरून बघते. भावोजी बोलतात. मी गाडी चालवतो आणि भावोजी जास्त बोलले की खोकतो.

आमचा धंदा चालतो तो या मुलखात आम्ही जेवलेल्या जेवणांवर. हळर्ण्यात कुठली विहीर एप्रिलात तळ दाखवते, कारापुरात कुठल्या घराची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जाते, लाटंबार्शात कुठल्या आंब्याचे आंबे जमिनीच्या मालकाचे नसून त्याच्या आत्याचे आहेत, हे कुठल्या उताऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते लग्नाच्या पंगतीत, बाराव्याला, गणपतीच्या दिवसांत कानावर पडतं.

आणि एक रीत आहे. गिऱ्हाइकाला जागा दाखवण्याआधी आम्ही त्या जागेच्या राखणदाराला नारळ, विडा आणि एक विडी ठेवतो. राखणदार म्हणजे जमीन सांभाळणारा देव. कुठे तो झाडाखाली असतो, कुठे बांधावरच्या दगडात. नारळ फोडायचा, अर्धं खोबरं तिथे ठेवायचं, अर्धं घरी ताईसाठी आणायचं. ते तिच्या हातात पडलं की मगच ती कागदांची पिशवी उघडते.

तर एका वर्षी भावोजींना मडगावात शाखा उघडायची हुक्की आली. त्यांनी आधी फळा रंगवून घेतला. ‘मडगाव शाखा’, पिवळ्यावर लाल. (फळा अजून आहे. काजूबिया वाळत घालायला इतकी सोयीची वस्तू नाही.) ताई म्हणाली, “तिकडचा एक व्यवहार धड करून दाखवा. जमला तर फळा लावा, नाहीतर तिकडचं नाव काढायचं नाही.”

एक व्यवहार! भावोजी पंधरा दिवस नीट झोपले नाहीत. नशिबाने गिऱ्हाईक चालून आलं. मूळचे सावंतवाडीकडचे, खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीत ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. त्यांची मुलगी दक्षिण गोव्यात दिलेली. तिच्याजवळ त्यांना छोटं घर बांधायचं होतं. भावोजींनी जागा शोधली, मालकाशी फोनवर बोलले, आणि मे महिन्याच्या एका सकाळी भावोजी, गिऱ्हाईक आणि मी गाडीतून निघालो.

जागा बघून मीसुद्धा खोकायला विसरलो. हिरवीगार, टेबलासारखी सपाट, कोपऱ्यात एक जुनी चिंच आणि चिंचेखाली एक काळा, गुळगुळीत दगड.

“आहे!” भावोजी कुजबुजले. “राखणदार आहे.”

“कुणाला विचारूया का?” मी म्हणालो.

“विचारायचं काय? झीज बघ! किती पिढ्यांचे हात लागलेत. आणि ही निळी झाक बघ. जागृत स्थान आहे.”

दगडावर खरंच निळसर डाग होते. भावोजींनी चपला काढल्या, कुंकू लावलं, विडा ठेवला, विडी पेटवून ठेवली, आणि सात पिढ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. “बा म्हाराजा, ह्या घराक उदक दी, सावली दी, आनी मडगावाक एक फळो लागूं दी!” मग त्याच दगडावर नारळ आपटला. गिऱ्हाईक हात जोडून उभं. मीही.

तेवढ्यात शेजारच्या कुंपणातून एक बाई आली. एका हातात बालदी, दुसऱ्या खांद्यावर चादरींचा ढीग. तिने कुंकू बघितलं, विडी बघितली, भावोजींचे मिटलेले डोळे बघितले.

“देवाक मातसो कुशीक सरपाक सांगात,” हाताने ‘बाजूला’ अशी खूण करत ती शांतपणे म्हणाली. “म्हाका चादरी धुवपाच्यो आसात.”

निळी झाक कपड्यांना द्यायच्या निळीची होती.

भावोजींनी एक डोळा उघडला आणि परत मिटला. बाईंनी खोबऱ्याच्या दोन्ही वाट्या उचलून बालदीत टाकल्या, पाण्याचा एक हबका मारून कुंकू धुतलं आणि कामाला लागल्या. चादर आपटता आपटता त्यांनी सांगून टाकलं की पावसात इथे गुडघाभर पाणी साचतं, आणि तेव्हा त्यासुद्धा इथे पाय ठेवत नाहीत.

गिऱ्हाईक पोट धरून हसत चिंचेच्या मुळावर बसलं. “अहो, आमी ट्रक मागे घेताना सुदीक कोणाक तरी इचारतो,” ते म्हणाले, “तुमी देव ठरवताना इचारूक नाय?” पुढे त्या बाईंच्याच दिराने त्यांना उंचावरची चांगली जागा मिळवून दिली. वास्तुशांतीला आम्ही दोनदा जिलबी घेतली.

पण त्या दिवशी परतताना गाडीत वेगळंच चाललं होतं. जागा आमच्या अडाणीपणामुळे गेली असं ताईला कळलं तर फळा कायमचा गेला. मालकामुळे गेली म्हटलं तर आणखी एक संधी मिळेल, असा भावोजींचा हिशेब. डिचोली येईपर्यंत आम्ही घोकून घेतलं: मालकाचा भाऊ सही द्यायला तयार नाही. भावोजींनी भावाला मुंबईत ठेवला, त्याला गुडघेदुखी दिली, त्याच्या बायकोशी भांडणसुद्धा लावून दिलं. मी ‘हो हो’ म्हणत होतो.

ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने भावाबद्दल विचारलंच नाही. आमच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, “खोबरं कुठंय?”

खोबऱ्याचं आम्ही काहीच ठरवलं नव्हतं! मी खोकलो. आणि तो मुंबईचा भाऊ, त्याचे गुडघे, त्याची बायको, सगळं ओलांडून भावोजींच्या तोंडून निघालं, “अगो, तो देव नव्हतोच, धुण्याचो धोंडो होतो!”